कोयत्याचं गणित आणि अठराची अट: मराठवाड्यातल्या बालविवाहांची पार्श्वभूमी

मराठवाड्यात बालविवाहाचा विषय निघाला की 'जुनी रूढी' म्हणून हात झटकले जातात. रूढी आहेच. पण बीड-परभणीकडे आज ज्या घाईने, वर्षाच्या ठरावीक दिवसांत मुलींची लग्नं उरकली जातात, त्यामागचं गणित शंभर वर्षांचं नाही, फार तर पन्नास वर्षांचं आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी किती जणींचं लग्न अठराच्या आत झालं, हे विचारलं होतं. महाराष्ट्राचा आकडा 21.9 टक्के आला, बीडचा 43.7 आणि परभणीचा 48.

सुरुवात थोडी मागून करावी लागते. बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा 1929 चा, लागू झाला 1 एप्रिल 1930 ला. मुलीसाठी 14 आणि मुलासाठी 18 वर्षं ही त्यातली अट. पण तो ब्रिटिश हिंदुस्थानासाठी होता आणि मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. पुण्या-मुंबईत संमतिवयाच्या कायद्यापासून वर्तमानपत्रांत जी भांडणं झाली, ती इकडच्या गावापर्यंत पोचलीच नाहीत. शिक्षणाची तीच गत. वरच्या वर्गांचं माध्यम उर्दू, 1918 चं उस्मानिया विद्यापीठही उर्दूच, त्यामुळे मराठी घरातल्या मुलीला चौथीपुढे शाळेत धाडायचं कारणच कुणाला दिसत नव्हतं. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात आलं, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. थोडक्यात, मुलींच्या शाळेची घडी बसायला इथे एक पिढी उशीर झाला. त्या पिढीच्या नाती आज लग्नाच्या वयात आहेत.

मग 1972 चा दुष्काळ आला. रोजगार हमी योजना त्याच काळातली, तिचा कायदा 1977 चा. खडी फोडायच्या आणि बंडिंगच्या कामांनी लोक जगले, पण बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या (पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी) कोरडवाहू रानावर वर्ष निघत नव्हतं. तिकडे पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखाने वाढत होते आणि त्यांना ऊसतोडीसाठी माणसं हवी होती. दिवाळी झाली की टोळ्या निघायच्या, मार्च-एप्रिलपर्यंत गाव ओस. हे आजही तसंच आहे, फक्त काही टोळ्या आता कर्नाटकातही जातात.

या धंद्यातला एक शब्द समजला की निम्मा विषय समजतो. मुकादम (टोळी जमवून कामावर नेणारा ठेकेदार) टोळी माणसांवर मोजत नाही, 'कोयत्यां'वर मोजतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी: एक तोडणार, दुसरं पाचट काढून मोळ्या बांधणार आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेणार. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. हंगामाआधी मिळणारी उचल कोयत्याच्या हिशेबाने मिळते, म्हणजे वयात आलेला पोरगा बिनलग्नाचा असेपर्यंत घराला अर्धीच उचल. त्याचं लग्न लावलं की कोयता पुरा होतो, उचल दुप्पट होते आणि त्याच उचलीतून लग्नाचा खर्चही भागतो. मुलाकडच्यांची घाई इथून येते. कामावर खाडा पडला तर पैसे मुकादम कापतो, शिवाय उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामालाही त्याच टोळीत जावं लागतं, म्हणून आलेल्या सुनेला बाळंतपणानंतरही फार दिवस बसून राहता येत नाही.

मुलीकडची बाजू वेगळी आहे, आणि ती ऐकून न घेता दिलेलं व्याख्यान वाया जातं. तेरा-चौदा वर्षांची मुलगी सहा महिने गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? आजी-आजोबा थकलेले. बरोबर नेली तर फडात कोपीवर (तात्पुरत्या झोपडीत) ती दिवसभर एकटी, धाकट्या भावंडाला सांभाळत. आई-बाप पहाटेच तोडीला गेलेले. एखादा टारगट पोरगा, गावात एखादी कुजबुज, एवढ्याची धास्ती घरच्यांना हुंड्यापेक्षा मोठी असते. हुंड्याचं गणितही लहान वयाकडेच ओढतं: मुलगी जितकी लहान आणि कमी शिकलेली, तितकं द्यायचं-घ्यायचं कमी.

शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं आणि टोळ्या नेमक्या दुसऱ्या सत्राच्या तोंडावर निघतात. कारखान्याच्या तळावर साखरशाळा भरवून पाहिल्या. त्या चालल्याही, पण तळ हलला की पोरं हलायची, आणि कर्नाटकात गेलेल्यांना मराठी शाळा मिळायची नाही. म्हणून सर्व शिक्षा अभियानातून गावातच हंगामी वसतिगृहं आली. नाव वसतिगृहाचं असलं तरी बहुतेक ठिकाणी मूल रात्री नातेवाइकांकडे झोपतं आणि दोन वेळचं जेवण शाळेत जेवतं. ही योजना कुठे फसते ते ठरलेलं आहे. मंजुरी टोळी निघाल्यावर येते. तोवर मूल गाडीत बसून गेलेलं असतं आणि डिसेंबरात कुणी ते परत आणून सोडत नाही. 2021 मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली: 41 तालुक्यांत प्रत्येकी दोन, एक मुलांचं, एक मुलींचं. खऱ्या अर्थाने मुक्कामाची सोय देणारी ही योजना, म्हणून मुलीच्या बापाशी बोलताना तिचा उपयोग जास्त.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे, पण तो 6 ते 14 वयापुरता, म्हणजे आठवीपर्यंत. लग्नाची अट 18 ची. मधली चार वर्षं कायद्याने मोकळी सोडली आहेत आणि लग्नं नेमकी त्याच चार वर्षांत होतात. गावची शाळा सातवी-आठवीला संपते, हायस्कूल पाच-सात किलोमीटरवर. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या एसटी बस मागास तालुक्यांतल्या मुलींना हायस्कूलपर्यंत मोफत नेतात. ज्या रस्त्यावर ती बस बंद पडते तिथे आधी मुलींचीच शाळा सुटते.

अठराची अट 1978 च्या दुरुस्तीने आली. सध्याचा बालविवाह प्रतिबंध कायदा 2006 चा, 1 नोव्हेंबर 2007 पासून लागू. त्याआधी, 1989 मध्ये, संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार झाला होता आणि भारताने तो 11 डिसेंबर 1992 ला मान्य केला होता. नव्या कायद्यात गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. सज्ञान नवरदेव, आई-वडील, लग्न लावणारा भटजी किंवा काझी, सगळ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. बायकांना मात्र तुरुंगवास नाही, दंड आहे. महाराष्ट्राने ग्रामीण भागात ग्रामसेवकालाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी नेमलं आणि अंगणवाडी सेविकेला त्याचा साहाय्यक केलं. कागदावर सोपं. पण घरपट्टीची वसुली, घरकुलाच्या याद्या आणि रोज त्याच पारावर बसायचं असलेला माणूस पाटलाच्या घरचं लग्न थांबवेल कसा? सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 च्या निकालात जिल्हा पातळीवर या कामापुरताच स्वतंत्र अधिकारी हवा असं सांगितलं, ते अशाच अनुभवांमुळे.

लग्न थांबवायचं तर चाइल्ड हेल्पलाइनच्या 1098 वर फोन करावा; कळवणाऱ्याचं नाव गुप्त राहतं. सांगायच्या गोष्टी: मुलीचं नाव, शाळा, गाव, लग्नाचं नेमकं ठिकाण, तारीख आणि वेळ. 'अमक्या गावात एक लग्न आहे' एवढ्यावर काही होत नाही. वयाला पुरावा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, तो नसेल तर जन्मदाखला. आधार कार्डावरची जन्मतारीख लोक पुढे करतात, ती धरू नये. उताऱ्यातही एक गोम आहे. मराठवाड्यात निम्मं गाव 1 जूनला जन्मलेलं असतं, कारण दाखल करून घेताना गुरुजींनी तीच तारीख टाकलेली असते. म्हणून उतारा आणि ग्रामपंचायतीची जन्मनोंद दोन्ही काढून ठेवावीत.

पथक पोचतं, आई-वडिलांकडून हमीपत्र घेतं, मुलीला बालकल्याण समितीपुढे उभं केलं जातं. घोटाळा यानंतर होतो. पंधरा दिवसांनी तेच लग्न मामाच्या गावी लागतं, किंवा 'फक्त साखरपुडा आहे' म्हणून जमलेली माणसं साखरपुड्यातच अक्षता टाकून मोकळी होतात. हमीपत्राला कायद्याचा दात नाही. दात आहे कलम 13 च्या मनाई हुकमाला: प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी तातडीच्या वेळी नोटीस न देताही अंतरिम हुकूम देऊ शकतात आणि तो मोडून लावलेलं लग्न मुळातच शून्य ठरतं. एरवीचा बालविवाह नुसता रद्द होण्याजोगा असतो, आणि तो रद्द करायला मुलीने सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांत न्यायालयात जावं लागतं. हा हुकूम फार थोडे अधिकारी मागतात. याच कलमात अक्षय तृतीयेचं नाव घेऊन, त्या दिवशीचे सामूहिक बालविवाह रोखण्याचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिले आहेत. ऊसतोडीच्या पट्ट्यात टोळ्या परतल्यावर हा मुहूर्त येतो, हे खरं. पण तेवढंच लक्ष दसरा ते तुळशीच्या लग्नापर्यंतच्या आठवड्यांकडे हवं, कारण उचल हातात पडते ती तेव्हा.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालानंतर अठराखालच्या बायकोशी संबंध हा बलात्कार ठरतो आणि अल्पवयीन गर्भवती दवाखान्यात आली की पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली) पोलिसांना कळवणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. परिणाम असा की कुटुंबं वय वाढवून सांगतात किंवा सरकारी दवाखान्यात नावच नोंदवत नाहीत, आणि सतरा वर्षांची पोर तपासणीविना राहते. आशाताईंना हे आधी कळतं. तक्रार टळावी म्हणून त्या गप्प बसल्या तर बाळंतपणाची जोखीम वाढते, बोलल्या तर घराचं दार बंद होतं. काही गावांत त्यांनी काढलेली वाट अशी: नववीपासून पुढच्या मुलींची यादी शाळेकडून सप्टेंबरातच घ्यायची आणि टोळी ठरायच्या आधी त्या घरी वसतिगृहाचा अर्ज घेऊन जायचं.