‘फॉल्स’ कोणते आणि ‘नॉट गिव्हन’ कोणते? आयईएलटीएसच्या वाचनाची तयारी करून घेताना

परदेशी शिक्षणासाठी किंवा स्थलांतरासाठी इंग्रजीची क्षमता तपासणाऱ्या आयईएलटीएसच्या वाचन परीक्षेत ६० मिनिटांत ४० प्रश्न सोडवायचे असतात. त्यांतील ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’ या प्रकारात चांगले इंग्रजी येणारे विद्यार्थीही हमखास गुण घालवतात. उताऱ्याखाली काही विधाने दिलेली असतात. विधान उताऱ्यातील माहितीशी जुळत असेल तर ‘ट्रू’, त्या माहितीच्या विरुद्ध जात असेल तर ‘फॉल्स’ आणि त्याबाबत उताऱ्यात काही सांगितलेलेच नसेल तर ‘नॉट गिव्हन’ असे उत्तर द्यायचे असते. ‘ट्रू’ ओळखताना सहसा अडचण येत नाही. घोटाळा होतो तो उरलेल्या दोघांत, कारण दोन्ही ठिकाणी विद्यार्थ्याच्या मनात एकच वाक्य येते : ‘असे तर उताऱ्यात म्हटलेले नाही.’

याला आपल्या शालेय सवयी बऱ्याच अंशी कारणीभूत आहेत, असे मला वाटते. ‘चूक की बरोबर ते लिहा’ या प्रश्नात दोनच पर्याय असतात आणि जे बरोबर नाही ते आपोआप चूक ठरते. शिवाय उताऱ्यावरच्या प्रश्नाचे उत्तर उताऱ्यात कुठेतरी असतेच, ही खात्री दहावीपर्यंत पक्की झालेली असते. उताऱ्यात माहिती नसणे हेच उत्तर असू शकते, हे अशा विद्यार्थ्याला नुसते सांगून पटत नाही. म्हणून सुरुवातीचा सराव मराठी उताऱ्यांवर करून घ्यावा, असा माझा आग्रह असतो. भाषेची अडचण दूर झाली की चूक शब्दसंग्रहामुळे होते आहे की विचार करण्याच्या पद्धतीमुळे, हे शिकवणाऱ्यालाही स्पष्ट दिसते.

असाच एक छोटा उतारा घेऊ. ‘लोणारचे सरोवर बेसाल्ट खडकावर झालेल्या उल्केच्या आघाताने तयार झाले. त्याचे पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी दिसू लागले. पाण्याची पातळी घटून क्षारता वाढल्यामुळे क्षारप्रिय सूक्ष्मजीवांची वाढ झाली आणि त्यांच्यातील रंगद्रव्यामुळे पाण्याला हा रंग आला, असे पुण्यातील संशोधकांच्या तपासणीत आढळले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारचा रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, समावेश झाला. नांदूर मधमेश्वरनंतर या यादीत आलेले हे महाराष्ट्रातील दुसरे स्थळ ठरले.’

आता विधान पाहा : ‘रामसर यादीत आलेले महाराष्ट्रातील पहिले स्थळ लोणार होय.’ हे ‘फॉल्स’ आहे. ‘लोणार पहिले नव्हते’ असे शब्द उताऱ्यात नाहीत, पण ते दुसरे ठरले असे स्पष्ट लिहिले आहे आणि एकच स्थळ पहिलेही व दुसरेही असू शकत नाही. येथे पुष्कळ विद्यार्थी अडखळतात, कारण ‘फॉल्स’साठी उताऱ्यात ‘नाही’, ‘नव्हते’ असा नकार दिसलाच पाहिजे अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात परीक्षेतील विरोध बहुधा होकारार्थी वाक्यातूनच येतो : एका कारणाऐवजी दुसरे कारण, एका क्रमाऐवजी दुसरा क्रम, वाढीऐवजी घट. ‘कारखान्यातून सोडलेल्या रंगामुळे पाणी गुलाबी झाले’ हे विधानही याच जातीचे आहे, कारण रंग कशामुळे आला ते उताऱ्याने सांगितले आहे आणि ते कारण वेगळे आहे.

याउलट, ‘२०२० पूर्वी लोणारचे पाणी कधीही गुलाबी झाले नव्हते’ हे विधान ‘नॉट गिव्हन’ आहे. उतारा जून २०२० मध्ये काय झाले ते सांगतो. त्याआधीच्या वर्षांबद्दल तो गप्प आहे. ‘दिसू लागले’ या शब्दांवरून हा प्रकार पहिल्यांदाच घडला असावा, असा तर्क करणारा विद्यार्थी ‘ट्रू’ लिहितो. पूर्वीही असे झाल्याचे ज्याने कुठेतरी वाचले आहे, तो ‘फॉल्स’ लिहितो. दोघेही उताऱ्याबाहेर गेले आहेत, एक तर्काच्या वाटेने आणि दुसरा माहितीच्या वाटेने.

बाहेरची माहिती आवरणे हे हुशार विद्यार्थ्याला विशेष जड जाते, म्हणून मी एक अगदी उघड विधान मुद्दाम देत असते : ‘लोणार सरोवर बुलढाणा जिल्ह्यात आहे.’ ते जगात खरे आहे, महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे, आणि तरीही वरच्या उताऱ्यापुरते ते ‘नॉट गिव्हन’ आहे, कारण जिल्ह्याचे नाव उताऱ्यात नाही. परीक्षेत इतके सोपे विधान येणार नाही. पण आपल्या डोक्यातले ज्ञान आणि कागदावरचा मजकूर यांतील अंतर या एका उदाहरणाने जितके ठसते, तितके नियम पाठ करून ठसत नाही.

‘नांदूर मधमेश्वरपेक्षा लोणारला अधिक पर्यटक येतात’ हे विधान आणखी वेगळ्या रीतीने फसवते. दोन्ही नावे उताऱ्यात एकाच वाक्यात आहेत, त्यामुळे डोळ्यांना ओळखीचे काहीतरी सापडते आणि उत्तर येथेच असणार असे वाटते. पण पर्यटकांचा विषयच उताऱ्यात नाही. विधानातली नामे उताऱ्यात आढळली म्हणून विधानाची शहानिशा झाली, असे होत नाही. त्या नामांबद्दल जे म्हटले आहे, ते तपासायचे असते. तुलना करणाऱ्या विधानांत ही चूक फार होते.

मग शंका आली की कोणता निकष लावायचा? मी एकच प्रश्न विचारायला शिकवते : उतारा आणि विधान ही दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात का? लोणार दुसरे ठरले आणि लोणार पहिले होते, ही दोन्ही एकत्र खरी असू शकत नाहीत, म्हणून ‘फॉल्स’. उताऱ्यातली सगळी वाक्ये खरी धरूनही लोणारला अधिक पर्यटक येत असतील किंवा कमी येत असतील, दोन्ही शक्य आहे, म्हणून ‘नॉट गिव्हन’. या प्रश्नाला एक पक्की अट जोडावी : ‘फॉल्स’ लिहिणाऱ्याने विधान खोटे पाडणारे शब्द पेन्सिलीने अधोरेखित करून दाखवले पाहिजेत. शब्द दाखवता येत नसतील, तर बहुतेक वेळा ते उत्तर ‘फॉल्स’ नसते.

‘काही’, ‘बहुतेक’, ‘सर्व’, ‘फक्त’, ‘प्रथमच’ यांसारख्या शब्दांपाशी मात्र थांबावे लागते, कारण एका शब्दाने उत्तर बदलते. समजा, उताऱ्यात ‘काही अभ्यासकांना हे मत मान्य नाही’ असे वाक्य आहे. ‘हे मत सर्व अभ्यासकांना मान्य आहे’ हे विधान त्यावरून ‘फॉल्स’ ठरते, कारण एकाचाही विरोध असेल तर ‘सर्व’ हा शब्द टिकत नाही. पण ‘हे मत बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे’ असे विधान असेल, तर ते ‘नॉट गिव्हन’ आहे. काहींचा विरोध आहे एवढेच कळते, बाकीचे किती आणि त्यांचे म्हणणे काय, हे कळत नाही. या दोन विधानांतला फरक ज्याला स्वतःच्या शब्दांत समजावून सांगता आला, त्याची या प्रकाराची तयारी झाली असे मी मानते.

‘येस, नो, नॉट गिव्हन’ हा जवळचा प्रकार माहितीऐवजी लेखकाची मते आणि दावे तपासतो. निकष तोच राहतो. फक्त लेखकाने दुसऱ्याचे मत उद्धृत केले असेल, तर ते लेखकाचे मत समजू नये, आणि ‘येस’ मागितले असताना ‘ट्रू’ लिहू नये.

वेळेच्या दृष्टीनेही ही जोडी सारखी नाही. ‘फॉल्स’चा पुरावा सापडला की शोध संपतो, पण जे नाहीच ते शोधत विद्यार्थी पूर्ण उतारा पुन्हा पुन्हा वाचत बसतो. या प्रकारातील उत्तरे सामान्यतः उताऱ्याच्या क्रमानेच येतात. त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या विधानाची जागा सापडली असेल, तर मधला मजकूर दोनदा नीट वाचून काही न मिळाल्यास ‘नॉट गिव्हन’ लिहून पुढे जाणे योग्य. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून जागा रिकामी ठेवण्याचे कारण नाही. अ‍ॅकॅडमिक परीक्षेत (हा उच्च शिक्षणासाठीचा प्रकार) साधारणपणे २३ बरोबर उत्तरांना ६ बँड (बँड म्हणजे ९ पैकी मिळणारी श्रेणी) आणि ३० उत्तरांना ७ बँड मिळतो. एका उताऱ्यावरच्या अशा सहा-सात विधानांचे मोल त्यावरून लक्षात येईल.

हा फरक वाचनापुरता ठेवू नये, कारण लेखन परीक्षेतही तो आडवा येतो. अ‍ॅकॅडमिक प्रकारातील पहिल्या लेखनात आलेख किंवा तक्ता पाहून किमान १५० शब्द लिहायचे असतात. आलेखात २०१० ते २०२० या काळात रेल्वे प्रवाशांची संख्या घटलेली दिसली, की विद्यार्थी लगेच लिहितो, ‘लोकांनी स्वतःच्या गाड्या घेतल्यामुळे प्रवासी कमी झाले.’ संख्या घटली हे आलेखात आहे. कारण आलेखात नाही, म्हणजे ते ‘नॉट गिव्हन’ आहे, आणि येथे ते लिहायचे नसते. प्रवासी वाढले असे लिहिले तर ते ‘फॉल्स’ होईल आणि ती चूक आकडे नीट न वाचल्याची असेल. दोन्ही चुका वहीत लाल शाईने सारख्याच खुणेने दाखवल्या, तर विद्यार्थ्याला त्यांतला फरक समजत नाही. पहिल्या चुकीशेजारी ‘हे आलेखात कुठे आहे?’ आणि दुसरीशेजारी ‘आकडा पुन्हा पाहा’ असे लिहावे. कारणे, मते आणि स्वतःच्या अनुभवातील उदाहरणे यांची जागा किमान २५० शब्दांच्या दुसऱ्या लेखनात आहे. तेथे ती मागितलेलीच असतात.