सोल्डर पकडलंच नाही, की पकडून सुटलं?

सर्किट बोर्ड रिफ्लो ओव्हनमधून (सोल्डर वितळवून पार्ट जोडणाऱ्या भट्टीतून) बाहेर येतो, चार-दोन पॅड (पार्ट जोडायच्या धातूच्या जागा) अर्धवट दिसतात आणि शेरा पडतो: ‘सोल्डर पकडत नाही.’ मग सोल्डर पेस्टच्या डब्याकडे बोट. पण या तीन शब्दांत दोन निराळे दोष दडलेले असतात. नॉन-वेटिंगमध्ये सोल्डरने पॅडला कधी धरलंच नाही. डिवेटिंगमध्ये धरलं, पसरलं आणि मग मागे सरकलं.

भिंगाखाली एवढंच बघा: सोल्डर नाही तिथे काय दिसतंय? पॅडचा मूळ रंग दिसत असेल, म्हणजे ओएसपी (तांब्यावर पातळ सेंद्रिय लेप) बोर्डावर तांबूस किंवा एनिग (निकेलवर सोन्याचा लेप) बोर्डावर सोनेरी, तर ते नॉन-वेटिंग. तेलकट काचेवर पाण्याचा थेंब राहतो तसं सोल्डर फुगीर काठाने एका कडेला उभं असतं. डिवेटिंगमध्ये पॅड उघडा पडत नाही. सगळीकडे सोल्डरचा पातळ चंदेरी थर असतो आणि त्यावर मध्येच वेडीवाकडी टेकाडं. फसगत होते ती हॅसल (सोल्डरचाच लेप) किंवा इमर्शन टिनच्या (कथिलाचा लेप) बोर्डावर, कारण तिथे मूळ लेपच चंदेरी. अशा वेळी रंग विसरा, काठ बघा. सोल्डर पॅडशी बोथट कोन करून थांबलंय, की उतरत जाऊन पातळ थरात मिसळलंय?

नॉन-वेटिंगची कारणं बहुधा पृष्ठभागावरच सापडतात: ऑक्साइड, बोटांचे ठसे, दमलेला फ्लक्स (ऑक्साइड काढून टाकणारं रसायन), कमी उष्णता. एसएसी 305 हे शिसेविरहित सोल्डर 217 ते 220 अंश सेल्सिअसला वितळतं. मोठ्या ग्राउंड प्लेनला (बोर्डातल्या तांब्याच्या रुंद थराला) जोडलेला पॅड उष्णता ओढून घेतो आणि शेजारचे पॅड तापले तरी तो मागे राहतो. ओएसपीचा लेप तर एका मायक्रॉनहूनही पातळ. पहिल्या रिफ्लोमध्ये तो झिजतो, म्हणून पहिली बाजू सुरेख आणि दुसरी बाजू रुसलेली असं चित्र दिसलं की माझा पहिला संशय त्याच्यावर. इमर्शन टिनचं दुखणं साठवणुकीचं. कथील आणि तांबं साध्या तापमानालाही एकमेकांत मिसळून आंतरधातू संयुग तयार करत राहतात. तो थर वरपर्यंत येऊन ऑक्सिडाइझ झाला की नेहमीच्या फ्लक्सचं त्याच्यापुढे फारसं चालत नाही.

डिवेटिंगचं मूळ मात्र लेपाखाली असतं. वरचा लेप चांगला असतो, म्हणून सोल्डर आधी खुशाल पसरतं. लेप त्यात विरघळला की खालचा धातू उघडा पडतो, आणि तो घाण किंवा खराब असेल तर सोल्डर अंग चोरतं. एनिगमध्ये हे चांगलं कळतं. सोनं जेमतेम 0.05 ते 0.1 मायक्रॉन, क्षणात विरघळणारं. खरा जोड निकेलशी होतो. सोन्याचा लेप चढवणाऱ्या द्रावणात ते निकेल प्रमाणाबाहेर गंजलं तर फॉस्फरसने भरलेला काळपट थर उरतो, तोच कुप्रसिद्ध ब्लॅक पॅड. (तो नेहमी डिवेटिंग दाखवेलच असं नाही. कित्येकदा जोड बाहेरून झकास दिसतो आणि धक्का बसला की पार्ट काळ्या सपाट पॅडवरून उखडून येतो.) प्लेटिंगमध्ये अडकलेली सेंद्रिय द्रव्यं तापून वायू सोडतात, त्यानेही डिवेटिंग होतं. सोल्डर फार वेळ वितळलेलं ठेवलं तरी तेच.

खात्रीसाठी त्या पॅडवर ताजा फ्लक्स लावून सोल्डरिंग आयर्न टेकवा. सोल्डर झटकन पसरून तसंच राहिलं, तर दोष वरवरचा होता. प्रोफाइल (ओव्हनमधला तापमानाचा क्रम), फ्लक्स आणि बोर्डांची साठवण तपासा. पसरून पुन्हा गोळा झालं, तर तिथे आणखी उष्णता देणं म्हणजे आगीत तेल. सोन्याचे पॅड खोडरबरने घासायचा मोहही आवरा, दोष खालच्या निकेलमध्ये असेल तर वर घासून काय होणार? त्याच लॉटचा कोरा बोर्ड बाजूला काढा आणि बोर्ड बनवणाऱ्याकडून जे-एसटीडी-003 या मानकाप्रमाणे सोल्डरेबिलिटी चाचणी मागा. पॅड स्वच्छ निघाले आणि दोष पार्टच्या पायांवर असेल, तर त्यांच्यासाठी जे-एसटीडी-002 आहे.