साखर, क जीवनसत्त्व आणि रक्तवाहिनीचं अस्तर

मावशीने रिपोर्टचा कागद माझ्यासमोर ठेवला आणि बोट टेकवून तीन ओळी दाखवल्या. क जीवनसत्त्व, ड जीवनसत्त्व, बी-१२. तिन्ही आकड्यांपुढे खाली वळलेला बाण. तिला मधुमेह होऊन चौदा वर्षं झाली, मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी सुरुवातीपासून चालू आहे आणि गेलं वर्षभर पावलांना मुंग्या येतात. "ही तिन्ही भरून काढली की नसा साफ होतील ना रे?" तिने विचारलं. फोनवर तिला एक जाहिरात आली होती. मधुमेहींच्या रक्तवाहिन्यांतला कचरा धुऊन काढणाऱ्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या, नव्वद दिवसांचा कोर्स.

त्या "साफ" शब्दापाशीच घोळ सुरू होतो. रक्तवाहिनी म्हटलं की आपल्याला नळ आठवतो. आत गाळ साचतो, पाणी अडतं, घासला की मोकळा. धमनीत मात्र चरबीचा थर साचतो तो आतल्या अस्तराच्या खाली, भिंतीच्या पोटात. रक्तातून काहीही वाहत गेलं तरी ते तिथलं धुऊन नेणार नाही. आणि हे अस्तर, ज्याला एंडोथेलियम म्हणतात, ते फक्त एका पेशीच्या जाडीचं असूनही धमनीने कधी सैल व्हायचं आणि कधी आवळायचं हे बऱ्याच अंशी तेच ठरवतं.

हे कळलं ते एका चुकीतून. न्यूयॉर्कमधले शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्या कापून त्यांच्यावर प्रयोग करत. असेटिलकोलिन हे रसायन जिवंत प्राण्यात रक्तवाहिन्या सैल करतं, पण त्यांच्या पट्ट्या ते घातल्यावर उलट आवळत. मग एकदा वेगळ्या पद्धतीने तयार केलेला तुकडा सैल पडला. शोध घेता घेता कारण सापडलं. पट्टी कापताना तिची आतली बाजू घासली जात होती आणि अस्तर निघून जात होतं. अस्तर शाबूत तर धमनी सैल, अस्तर नाही तर नाही! १९८० साली हे प्रसिद्ध झालं. अस्तरातून निघणारा तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नावाचा साधा वायू आहे हे पुढच्या काही वर्षांत सिद्ध झालं आणि १९९८ साली फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड म्युराड यांना नोबेल मिळालं.

हा निरोप माणसात बघताही येतो. दंडातल्या धमनीवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवतात, हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधून पाच मिनिटं घट्ट फुगवून ठेवतात आणि मग एकदम सोडतात. अडलेलं रक्त धावत सुटतं, अस्तराला ते घासून जातं, अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि तीन-चार मिलिमीटर रुंदीची ती धमनी मिनिटभरात पडद्यावर रुंदावते. वाढ मिलिमीटरच्या अंशाइतकीच असते, पण मोजता येते. मधुमेह असलेल्या अनेकांत ती कमी भरते, बरेचदा हृदयाची कोणतीही तक्रार नसतानाच.

असं का होतं, हा भाग मला सगळ्यात आवडतो, म्हणून जरा सावकाश जाऊ.

स्नायूच्या पेशीत साखर शिरायला इन्सुलिनची परवानगी लागते. अस्तराच्या पेशीला ती लागत नाही आणि साखरेला दार बंद करणंही तिला फारसं जमत नाही. रक्तात साखर वाढली की पेशीतही वाढते. जादा साखर जाळताना पेशीच्या भट्टीतून इलेक्ट्रॉन निसटतात, ते ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइड नावाचा आक्रमक रेणू तयार होतो. सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड समोरासमोर आले की क्षणात एकमेकांना संपवतात आणि पेरॉक्सिनायट्राइट हा आणखी विध्वंसक रेणू मागे उरतो.

इथवर झालं ते निरोपाचं नुकसान. पुढचा वार निरोप तयार करणाऱ्या यंत्रावर होतो. नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमला टेट्राहायड्रोबायोप्टेरिन नावाचा एक सहकारी लागतो. नाव लांबलचक आहे, आपण त्याला बीएच-४ म्हणू. योग्य क्षणी एक इलेक्ट्रॉन पुढे करायचा आणि लगेच परत घ्यायचा, हे त्याचं काम. पेरॉक्सिनायट्राइट नेमका हा इलेक्ट्रॉन हिसकावतो. बीएच-४ अर्धवट ऑक्सिडीकृत होतं, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावतं, मग पूर्ण, आणि निकामी होतं. सहकारी गेला तरी एन्झाइम थांबत नाही. इलेक्ट्रॉन आत येतच राहतात, पण आता ते थेट ऑक्सिजनवर पडतात, म्हणजे नायट्रिक ऑक्साइडच्या कारखान्यातून सुपरऑक्साइड बाहेर पडू लागतं! त्याने आणखी बीएच-४ बिघडतं. याला एन्झाइमचं "अनकपलिंग" म्हणतात आणि हे चक्र एकदा फिरू लागलं की स्वतःच स्वतःला ढकलत राहतं.

क जीवनसत्त्व येतं ते इथे. अर्धवट बिघडलेल्या बीएच-४ ला ते आपला एक इलेक्ट्रॉन देतं आणि पुन्हा कामावर लावतं. इलेक्ट्रॉन देऊन टाकायची ही तयारी हाच त्याचा मूळ गुण. मधुमेहात ते जास्त खर्च होतं, मूत्रपिंडांतून जास्त गळतं आणि त्याचं ऑक्सिडीकृत रूप ज्या दारातून पेशीत शिरतं त्याच दारात साखरेची गर्दी असते. हे दोन रेणू नात्यातले आहेत. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व यकृतात साखरेपासूनच बनवतात. माणसात त्या साखळीतलं शेवटचं एन्झाइम बंद पडलेलं आहे.

मग गोळ्या घेतल्या की झालं, असं वाटेल. १९९६ साली बोस्टनमधल्या संशोधकांनी टाइप-२ मधुमेहाच्या रुग्णांच्या हाताच्या धमनीत थेट क जीवनसत्त्व सोडलं आणि धमनी खरोखर जास्त सैल झाली. पण दहा वर्षांनी, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत क जीवनसत्त्व कमी असलेल्या मधुमेहींना रोज ८०० मिलिग्रॅम चार आठवडे तोंडाने दिलं. रक्तातली पातळी वाढली, धमनीत फरक पडला नाही.

जाहिरातवाले यातला पहिलाच प्रयोग सांगतात. दोन्हींत विरोध नाही, फरक मात्रेचा आहे. सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड यांची एकमेकांशी होणारी क्रिया ही सुपरऑक्साइडच्या क जीवनसत्त्वाशी होणाऱ्या क्रियेपेक्षा सुमारे लाख पटींनी वेगवान आहे. मधे पडून ती अडवायची तर क जीवनसत्त्व प्रचंड प्रमाणात हवं. धमनीत थेट सोडल्यावर तिथे तेवढं मिळू शकतं. तोंडाने रोज २०० ते ४०० मिलिग्रॅम घेतलं की रक्तातली पातळी जवळजवळ टोकाला पोचते. त्यापुढचं आतडी कमी शोषतात आणि मूत्रपिंडं लघवीतून बाहेर काढतात. कमतरता असेल तर ती भरून काढावीच, पण त्यावर कितीही गोळ्या रिचवल्या तरी प्रयोगातली ती पातळी येणार नाही. आणि भट्टीत साखर तशीच पडत असेल तर चक्रही चालूच राहणार.

मोठ्या मात्रेचा एक धोका मधुमेहींना कुणी सांगत नाही. ग्लुकोमीटरची पट्टी खरं तर साखर "बघत" नाही. साखरेकडून आलेले इलेक्ट्रॉन ती मोजते. क जीवनसत्त्व तेच देतं, त्यामुळे काही पट्ट्या फसतात आणि साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. शिरेतून मोठी मात्रा दिली असेल तर हा फरक धोकादायक ठरू शकतो, कारण खोट्या आकड्यावर कुणी इन्सुलिन वाढवलं तर साखर खरोखरच घसरेल. पट्टीच्या डबीतल्या माहितीपत्रकात हा इशारा बरेचदा छापलेला असतो.

ड जीवनसत्त्वाचा बाण मावशीला सगळ्यात भीतीदायक वाटत होता. मधुमेहींमध्ये ते कमी आढळतं हे खरं, पण ते चरबीत साठतं, वजन जास्त असलेल्यांच्या रक्तात कमी दिसतं आणि आजारी माणूस उन्हातही कमी जातो. म्हणजे कमी पातळी हा आजाराचा परिणामही असू शकतो. व्हायटल नावाच्या मोठ्या चाचणीत २५,८७१ लोकांपैकी निम्म्यांना रोज २,००० युनिट ड जीवनसत्त्व दिलं. पाचेक वर्षांनंतरही हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण घटलं नाही. हाडांसाठी डॉक्टरांनी दिलं असेल तर घ्यावं, रक्तवाहिन्यांसाठी म्हणून विकत घेऊ नये. कॅनडातली एक चाचणी तर चांगलीच सावध करते. मधुमेहामुळे मूत्रपिंडं बिघडलेल्या २३८ रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना फॉलिक आम्ल, बी-६ आणि बी-१२ यांच्या मोठ्या मात्रा दिल्या. हेतू रक्तवाहिन्या वाचवण्याचा होता. २०१० साली निकाल आला तेव्हा जीवनसत्त्वं घेणाऱ्यांची मूत्रपिंडं जास्त वेगाने घसरली होती आणि हृदयविकार, पक्षाघातासारख्या घटनाही त्यांच्यातच जास्त झाल्या होत्या. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं अपायकारक नसतात, हा समज इतका पक्का आहे की ही चाचणी मी भेटेल त्याला सांगतो.

तिसरा बाण मात्र खरा होता. मेटफॉर्मिन लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बी-१२ चं शोषण कमी करतं. यकृतात काही वर्षांचा साठा असतो, म्हणून कमतरता उशिरा उघडी पडते आणि तोवर मुंग्या, बधिरपणा हे सगळं "शुगरमुळेच" म्हणून खपून जातं. दोन्ही आजारांत पाय सारखेच बोलतात. बी-१२ ची कमतरता लवकर पकडली तर मज्जातंतू बऱ्याच अंशी सावरतात, फार उशीर झाला तर नुकसान कायमचं राहतं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्या प्रत्येकाने हा एक आकडा डॉक्टरांना विचारावा. गोळी मनाने बंद मात्र करू नये.

मावशीबरोबर डॉक्टरांकडे मीही गेलो. त्यांनी धातूचा दोन टोकांचा काटा हातावर आपटला आणि थरथरत्या काट्याची मूठ तिच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवली. "थरथर थांबली की सांगा." तिने लगेच सांगितलं, "थांबली." डॉक्टरांनी तोच काटा उचलून माझ्या मनगटाच्या हाडावर ठेवला. तो अजून चांगला थरथरत होता. मावशी माझ्या मनगटाकडे बघत राहिली. बी-१२ ची इंजेक्शनं त्याच दिवशी सुरू झाली आणि काट्याची पुढची तपासणी तीन महिन्यांनी ठरली.