गेंड्याची कातडी जाड असते, बधिर नसते

राजकारणात उतरायचं तर कातडी गेंड्याची हवी, असं आपण सहज म्हणतो. पण खऱ्या गेंड्याला ऊन पोळतं, माश्या चावतात. म्हणून तर तो तासन्‌तास चिखलात लोळतो. पुढाऱ्यांच्या बाबतीतही आपली हीच चूक होते. टिकून राहिला म्हणजे त्याला काही लागलंच नाही, असं आपण धरून चालतो.

जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात 1993 मध्ये ताण मोजणारी एक चाचणी तयार झाली. परीक्षकांसमोर उभं राहून भाषण करायचं, मग 1022 मधून 13 वजा करत जायचं; चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. परीक्षकांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. एवढ्यानेच कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढतं. 2004 मध्ये सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी ताणाच्या 208 प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला. लोक आपलं मोल ठरवताहेत आणि आपल्या हातात काहीच नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की कॉर्टिसॉल सर्वाधिक वाढतं, असं त्यात दिसलं. ते उतरायलाही सर्वांत जास्त वेळ लागतो.

ट्रोलिंगमध्ये नेमक्या याच दोन गोष्टी असतात. ‘रस्ता का झाला नाही?’ असं भर सभेत विचारलं तर उत्तर देता येतं, आणि तो प्रश्न विचारलाच पाहिजे. रात्री अकराला निनावी खात्यावरून आलेल्या शिवीला कोण काय उत्तर देणार?

2019 च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने 95 भारतीय महिला राजकारण्यांचा उल्लेख असलेली 1,14,716 ट्वीट तपासून घेतली. दर सातातलं एक अपमानास्पद किंवा शिवीगाळ करणारं निघालं. धर्म-वंशावरून होणारी शिवीगाळ मुस्लिम महिलांच्या वाट्याला इतर धर्मांच्या महिलांपेक्षा जवळजवळ दुप्पट आली. याला टीका म्हणणं मला मान्य नाही. नेदरलँड्सच्या अर्थमंत्री सिग्रीड काग यांनी 2023 मध्ये राजकारण सोडायचं ठरवलं, तेव्हा द्वेष, धमक्या आणि त्यांचा घरच्यांवर झालेला परिणाम हेच कारण सांगितलं.

मग टिकतात ते कशाच्या बळावर? हवाई बेटांपैकी काउआईवर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर यांनी काही दशकं माग ठेवला. अतिशय खडतर परिस्थितीत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं खंबीर निघाली, आणि त्यांच्या आयुष्यात भरवशाचं निदान एक तरी माणूस होतं. हा अभ्यास पुढाऱ्यांचा नव्हे, पण चिवटपणा एकट्याच्या कातडीत नसतो हे त्यातून कळतं. डेन्मार्कमधल्या अलेक्झांडर बोर आणि मिखाएल पीटरसन यांचं 2022 मधलं संशोधनही इथे उपयोगी पडतं. इंटरनेटमुळे सज्जन माणसं शिवराळ होत नाहीत. जे प्रत्यक्षातही आक्रमक असतात, तेच तिथे सगळ्यांच्या नजरेस पडतात. म्हणजे अख्खा गाव उलटलेला नसतो, पण फोन हातात असताना तसं वाटतं खरं.

मोठ्या नेत्याचा फोन कोणीतरी दुसरंच हाताळतं. कार्यकर्ता मेसेज आधी वाचतो, धमकी असेल तर पोलिसांकडे पाठवतो, बाकीचं खोडून टाकतो. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांना निम्म्या जागा राखीव झाल्या त्या 2011 मध्ये. त्यातून पहिल्यांदाच सरपंच झालेल्या ताईंकडे असा माणूस नसतो. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेलं सगळं त्या स्वतःच वाचतात, भाकऱ्या झाल्यावर, एकट्या.