जुगाऱ्याचं कर्ज घरच्यांनी फेडावं का?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, तेव्हा ‘आता रमीचं व्यसन सुटेल’ असं अनेकांना वाटलं. पण आधीच अडकलेल्या माणसाला मटका आणि क्रिकेटचा सट्टा मोकळाच असतो. त्याचं सुटणं बरंचसं घरावर अवलंबून असतं, आणि आपल्याकडची घरं अब्रूपायी एक घातक गोष्ट करतात: गुपचूप कर्ज फेडतात.

डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानपुस्तिकेने २०१३ मध्ये जुगाराला दारू आणि ड्रग्जच्या व्यसनांच्या गटात आणलं. त्यातल्या नऊ लक्षणांपैकी चार वर्षभरात दिसली तर निदान होतं. नववं लक्षण आहे, जुगारामुळे आलेल्या तंगीतून सुटायला दुसऱ्यांकडे पैसे मागणं.

या मागण्याला दाद मिळाली की काय होतं? प्रयोगात प्रत्येक वेळी कळ टोचल्यावर दाणा मिळणारं कबुतर, दाणे बंद झाले की लवकर टोचणं सोडतं. अधूनमधून, कधी मिळेल याचा नेम नसताना दाणा मिळणारं कबुतर कितीतरी जास्त वेळ टोचत राहतं. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचा हा शोध जुगाराचं मर्म आहे. अनपेक्षित लाभ झाला की मेंदूतल्या डोपामिन पेशी जोरात चेततात; अपेक्षित लाभाला तेवढ्या नाही. आता घराकडे पाहा. वडील दोनदा ठाम नकार देतात, तिसऱ्यांदा आई बांगड्या मोडते. म्हणजे घरही अनियमित बक्षीसच देतं! पोराच्या लेखी ‘शेवटी कुणीतरी सोडवतंच’ हा धडा पक्का होतो.

शिवाय लाजेपोटी तो पूर्ण आकडा सांगत नाही. पाच लाखांचं कर्ज असेल तर तीन सांगतो. उरलेले दोन ‘एका डावात काढू’ म्हणून पुन्हा खेळतो.

म्हणून आधी सिबिल अहवाल, म्हणजे त्याच्या नावावरच्या कर्जांची नोंद, काढा. लोन अॅप, पतपेढी, मित्र, सावकार असं सगळं देणं एका कागदावर लिहा. त्याच्या हातात रोख देऊ नका. हप्ते ठरवून त्याच्याच पगारातून थेट कर्ज देणाऱ्याच्या खात्यात वळवा. यूपीआयची मर्यादा कमी करा, दागिने आणि जमिनीची कागदपत्रं त्याच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवा. पैशांचा ताबा एकाकडेच द्या आणि बाकीच्यांनी चोरून देणं बंद करा. हा ताबा सुनेकडे द्यायचा तर सासू-सासऱ्यांनी तिच्या नकारामागे उभं राहायला हवं. नाहीतर दोष तिला आणि पैसे त्याला, असं होतं.

‘लग्न करून द्या, सुधारेल’ आणि शनीची शांत, दोन्ही निरुपयोगी. पहिलं तर एका मुलीवर अन्यायही. दिवाळीतले ‘शकुनाचे’ पत्तेही त्या घरात नकोत.

कर्ज उघडं पडतं ते दिवस सर्वांत नाजूक, कारण आत्महत्येचा धोका तेव्हा वाढतो. त्या काळात त्याला एकटं सोडू नका, मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. घरच्यांनीही तिथे फोन करावा.