धड्यातून सुटलेली गोष्ट

मराठीत मुलांसाठी सुरुवातीला जी पुस्तकं छापली गेली, ती इंग्रजी अमदानीत निघालेल्या नव्या शाळांच्या गरजेपोटी. सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी १८२८ च्या सुमारास इसापच्या गोष्टी मराठीत आणल्या आणि ‘बाळमित्र’ही. हे दुसरं पुस्तक मूळचं फ्रेंच, इंग्रजीमार्गे आलेलं. गोष्ट संपली की तात्पर्य, ही घडी तेव्हा बसली ती फार काळ मोडली नाही.

घरबसल्या वाचनाची गोडी लावली ती मासिकांनी. विनायक कोंडदेव ओक यांचं ‘बालबोध’ १८८१ मध्ये निघालं, वा. गो. आपटे यांचं ‘आनंद’ १९०६ मध्ये. अंक महिन्याला येई, त्यावर परीक्षा नसे. माझ्या मते मराठी बालवाचक खरा घडला तो इथे.

‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. पुस्तक १९३५ मध्ये आलं. त्यात संस्कार आहेतच, पण बेचाळीस रात्रींतून सांगितलेल्या त्या आठवणींत आईची गरिबी आणि तिचा राग-लोभही आहे. मुलं रडतात ती त्यासाठी. उपदेशाने कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही.

मग भा. रा. भागवत आले, आणि त्यांच्यापाशी थोडं थांबायलाच हवं. १९५१ मध्ये त्यांनी ‘बालमित्र’ नावाचं मासिक काढलं. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती दिल्या. आणि फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजेच फास्टर फेणे, घडवला. हडकुळा पोरगा, सायकल भन्नाट, तोंडात ‘ट्टॉक’. त्याच्याकडे जादू नाही की श्रीमंत काका नाही. आहे ती चौकस नजर आणि पुण्यातल्या ओळखीच्या वाटा. तो आज्ञाधारकपणाचं बक्षीस म्हणून जिंकत नाही, स्वतःचं डोकं चालवतो म्हणून जिंकतो. मुलाच्या बुद्धीवर एवढा विश्वास टाकणारा लेखक मिळणं, हे त्या पिढ्यांचं भाग्य. आवडतं पुस्तक मुलाला देतं ते हेच: आपणही विचार करू शकतो, ही खात्री.

पुढे पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या ‘बालभारती’नेच १४ नोव्हेंबर १९७१ रोजी ‘किशोर’ सुरू केलं. शाळेच्या पुस्तकांसाठी स्थापन झालेल्या सरकारी संस्थेने अभ्यासाबाहेरच्या वाचनासाठी मासिक चालवावं, ही मला मोठी गोष्ट वाटते. त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात.

सर्वांत उशिरा दखल घेतली गेली ती अजून वाचता न येणाऱ्या चिमुरड्यांची. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’सारख्या चित्रपुस्तकांत आजी, आजोबा, आई, बाबा रोजच्यासारखे घरात वावरतात आणि तात्पर्य कुठेच नसतं. अशी पुस्तकं मराठीत अजून फार थोडी आहेत.