अंतर तेवढंच, मग तास वेगळे का?

दोन विमानतळांमधलं अंतर काढायचं, त्याला ९०० ने भागायचं आणि आलेल्या उत्तराला प्रवासाचा वेळ म्हणायचं, असा हिशेब बरेच जण करतात. मोठं जेट विमान ताशी साधारण ९०० किमीने जातं, त्यामुळे त्यात चूक काय, असं वाटतं. पण लंडन ते न्यूयॉर्क घ्या. अंतर सुमारे ५,५४० किमी, म्हणजे सव्वासहा ताससुद्धा लागू नयेत. वेळापत्रकात मात्र जाताना आठेक तास आणि येताना सातेक.

किलोमीटरचा आकडा म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला तर भरेल तेवढी लांबी. सपाट नकाशावर हा मार्ग उत्तरेकडे फुगलेला दिसतो तो नकाशाचा दोष. हे अंतर बदलत नाही.

वेळ बदलतो, आणि त्यातला मोठा हात वाऱ्याचा. दहा-अकरा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, वाहते. विमानाचे ते ९०० किमी असतात हवेच्या तुलनेत, जमिनीच्या नाही. समजा वारा ताशी १२० चा आहे. पाठीवर असेल तर जमिनीवरचा वेग १,०२०, म्हणजे ५ तास २६ मिनिटं. तोंडावर असेल तर ७८०, म्हणजे ७ तास ६ मिनिटं. सीटसमोरच्या स्क्रीनवर ‘ग्राउंड स्पीड’ बघत बसलात तर हा फरक डोळ्यांना दिसतो. गंमत म्हणजे जाता-येता फिटंफाट होत नाही: वारा नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून १२ तास १९ मिनिटं लागली असती, वाऱ्यामुळे १२ तास ३२ लागतात. कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वारा पाठीशी घेऊन ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचलं होतं.

दुसरं कारण आकाशातल्या बंद वाटा. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि फिनएअर या फिनलंडच्या विमान कंपनीचं हेलसिंकी–टोकियो उड्डाण वळसा घ्यावा लागल्याने साडेनऊ तासांवरून तेराच्या आसपास गेलं. दोन्ही शहरं होती तिथेच आहेत.

शिवाय वेळापत्रकातला वेळ मोजतात तो गेट सोडल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंत. विमानाचं जमिनीवरून रनवेपर्यंत चालत जाणं (टॅक्सी करणं), रनवेसाठी रांग, उतरण्याआधीच्या घिरट्या, सगळं त्यात धरलेलं असतं.

आणि तिकिटावरच्या दोन वेळांची थेट वजाबाकी करू नका, त्या आपापल्या गावच्या घड्याळाच्या असतात. न्यूयॉर्कहून रात्री ८ ला निघून लंडनला सकाळी ८ ला उतरलात, तर प्रवास बारा तासांचा नाही. लंडनचं घड्याळ न्यूयॉर्कच्या साधारण पाच तास पुढे असतं, ते पाच वजा करा, सात उरतात. परतीला सकाळी ११ ला निघून दुपारी २ ला पोचलात, तर तिथे पाच मिळवायचे.